दोन भाव आणि एक दार

(बीड जिल्ह्यातल्या कपिलधार येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



नोव्हेंबर २००१मध्ये लार्सन अँड टुब्रो या मुंबईच्या कंपनीच्या शेअरला एकाच वेळी दोन भाव होते. शेअर बाजारात तो दोनशे रुपयांच्या थोडा वर विकला जात होता. त्याच सुमारास रिलायन्सने आपल्याकडचा दहा टक्क्यांहून किंचित जास्त असलेला हिस्सा आदित्य बिर्ला समूहातल्या ग्रासिमला प्रत्येकी ३०६ रुपये ६० पैशांनी विकला. सगळा व्यवहार ७६६ कोटींच्या घरात गेला. शेअर तोच, त्यावरचा लाभांश तोच, मताचा हक्कही तोच. फरक इतकाच की एका बाजूला अडीच कोटी शेअरांचा गठ्ठा होता आणि दुसऱ्या बाजूला शंभर-दोनशे शेअर सांभाळून बसलेले शिक्षक, बँक कर्मचारी, निवृत्त अभियंते होते. गठ्ठ्याला जवळजवळ दीडपट भाव मिळाला, सुट्या शेअरला मिळाला नाही, आणि त्या सौद्यासाठी उरलेल्यांना विचारण्याची कायद्याने सक्तीही नव्हती. १५ टक्क्यांचा उंबरठा ओलांडला तरच बाकीच्या भागधारकांपुढे खुली ऑफर ठेवावी लागे, असा शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीचा तेव्हाचा नियम होता. हा सौदा उंबरठ्याच्या अलीकडेच थांबला.

कंपन्यांचे ताबे आणि गुंतवणूकदारांचं वागणं या विषयावर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत वित्तशास्त्राच्या अभ्यासकांनी जे काम केलं आहे, ते आज तुमच्यापुढे मांडायचं आहे. मन्मथस्वामींच्या समाधीच्या आणि या धबधब्याच्या सान्निध्यात शेअर बाजाराचं बोलणं कुणाला परकं वाटेल. पण कार्तिकी पौर्णिमेला मराठवाडा, कर्नाटक आणि तेलंगणातून इथे ज्या दिंड्या येतात, त्यांत शेतकरी, दुकानदार, आडते असे सगळे असतात. माल कधी विकावा, कुणाला विकावा, आज द्यावा की थांबावं, हा विचार या माणसांच्या हाडीमाशी खिळलेला आहे. ताब्याच्या वेळी छोट्या भागधारकासमोर येणारा प्रश्नही नेमका तोच असतो. माझं म्हणणं असं आहे: या प्रश्नाचं उत्तर देताना माणूस ठरावीक पद्धतीने चुकतो. ही चूक अज्ञानाची नाही, माणूसपणाची आहे, त्यामुळे उपदेशाने किंवा साक्षरतेच्या वर्गांनी ती जात नाही. छोट्या मालकाला खरं संरक्षण मिळतं ते आपोआप चालणाऱ्या नियमामुळे, म्हणजे मोठ्याला मिळालेल्या भावात आपलाही माल देऊन बाहेर पडता येईल अशा दारामुळे. महाराष्ट्रात असे लाखो छोटे मालक आहेत ज्यांच्यासाठी हे दार कुणी बसवलेलंच नाही. त्यांच्याकडे मी शेवटी येणार आहे.

आधी चूक समजून घेऊ. ऑगस्ट २०२१मध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला. तो भाव थोडे दिवस टिकला. पुढच्या हंगामांत भाव पाच हजारांच्या आगेमागे राहिला, नंतर त्याहून खाली गेला, आणि तरीही कितीतरी घरांत पोती थप्पी लावून पडून राहिली. कापसाचंही तेच झालं. २०२२च्या सुरुवातीला दहा हजारांच्या वर गेलेला कापूस पुढच्या वर्षी त्याच भावाची वाट बघत घरात साठवला गेला. उन्हाळा आला, वजन घटलं, अंगाला खाज सुटली, आणि शेवटी आधीच्यापेक्षा कमी भावात तो काढावा लागला. हे करणाऱ्याला आपण हट्टी म्हणतो, हावरा म्हणतो. अभ्यासक वेगळं सांगतात. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९मध्ये मांडलं की माणूस नफा-तोटा मोजतो तो मनातल्या एका खुणेपासून. एकूण संपत्ती किती, हे तो त्या क्षणी पाहत नाही. खुणेच्या खाली जाण्याचं दुःख त्याला तेवढ्याच वर जाण्याच्या आनंदाच्या साधारण दुप्पट वाटतं. दहा हजार ही एकदा मनात रोवलेली खूण होती. पाच हजारांत विकणं म्हणजे पाच हजार मिळवणं न वाटता पाच हजार गमावणं वाटत होतं, आणि माल विकला नाही तोवर तो तोटा कागदावर उतरत नव्हता.

शेअरच्या बाबतीत हीच गोष्ट टेरन्स ओडीन यांनी १९९८मध्ये आकड्यांनी दाखवली. अमेरिकेतल्या एका दलाली पेढीच्या दहा हजार खात्यांचे १९८७ ते १९९३ या काळातले व्यवहार त्यांनी तपासले. लोक नफ्यातले शेअर तोट्यातल्या शेअरांच्या तुलनेत सुमारे दीडपट प्रमाणात विकत होते. इथे कुणी म्हणेल, त्यात गैर काय, पडलेला भाव पुन्हा वर येणारच. ओडीन यांनी तेही पाहिलं. विकलेल्या नफ्यातल्या शेअरांनी पुढच्या वर्षभरात, सांभाळून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरांपेक्षा सरासरी तीन टक्क्यांहून जास्त परतावा दिला. माणसं फळणारं झाड तोडत होती आणि वाळकं झाड जपत होती. ताब्याशी थेट जोडलेला पुरावा माल्कम बेकर, शिन पॅन आणि जेफ्री वर्गलर यांच्या २०१२च्या निबंधात आहे. कंपनी विकत घेणारे जी किंमत देऊ करतात, ती मागच्या बावन्न आठवड्यांतल्या सर्वोच्च भावाच्या आसपास गोळा झालेली दिसते, आणि देकार त्या उच्चांकाच्या थोडा वर गेला की तो यशस्वी होण्याची शक्यता एकदम वाढते. आता वर्षापूर्वीच्या एका दिवशी भाव काय होता, याचा कंपनीच्या आजच्या मोलाशी फारसा संबंध नसतो. पण विकणारा ती खूण विसरत नाही, आणि घेणाऱ्याला तो विसरत नाही हे माहीत असतं.

आता लार्सन अँड टुब्रोकडे परत येऊ. ग्रासिमने बाजारातून आणखी शेअर घेत आपला हिस्सा १५ टक्क्यांच्या जवळ नेला आणि ऑक्टोबर २००२मध्ये आणखी २० टक्क्यांसाठी खुली ऑफर जाहीर केली. किंमत होती १९० रुपये. सेबीने चौकशीसाठी ती काही काळ रोखली, पुढे परवानगी दिली, आणि तिला अगदी थोडा प्रतिसाद मिळाला. वर्षभरापूर्वी एकाला ३०६ मिळाले होते, ही खूण हजारो घरांत पक्की बसली होती. शेवटी तडजोड झाली. सिमेंटचा व्यवसाय वेगळा काढून त्याची अल्ट्राटेक ही कंपनी झाली आणि तिचा ताबा ग्रासिमकडे गेला. मूळ कंपनीतला ग्रासिमचा बहुतेक हिस्सा कर्मचाऱ्यांच्या विश्वस्त संस्थेने घेतला, आणि जुन्या भागधारकाला लार्सनच्या दर पाच शेअरांमागे अल्ट्राटेकचे दोन मिळाले. १९०ला न विकणाऱ्यांचं पुढे भलं झालं. मग ते शहाणे होते, असं म्हणायचं का? मला तसं म्हणवत नाही. ३०६ची खूण मनात होती म्हणून ते थांबले. सिमेंट वेगळं निघेल, दोन्ही कंपन्या वाढतील, हे त्यांच्या समोर नव्हतं. हीच खूण सोयाबीनवाल्याला बुडवते आणि लार्सनवाल्याला तारते. एकदा भलं झालं म्हणून त्या पद्धतीवर आयुष्याची पुंजी लावता येत नाही.

चुकतो तो छोटाच, असंही नाही. रिचर्ड रोल यांनी १९८६मध्ये विचारलं की कंपन्या विकत घेणारे इतकी जास्त किंमत का देतात. त्यांचं उत्तर होतं: गर्व. आपल्याला या कंपनीचं मोल बाजारापेक्षा जास्त कळतं, अशी व्यवस्थापकांची खात्री असते. अँड्रेड, मिचेल आणि स्टॅफर्ड यांनी १९७३ ते १९९८ या काळातले अमेरिकेतले हजारो व्यवहार तपासले. घोषणेच्या आसपासच्या तीन दिवसांत विकल्या जाणाऱ्या कंपनीच्या भागधारकांना सरासरी १६ टक्के लाभ झाला. घेणाऱ्या कंपनीच्या भागधारकांना जवळजवळ काहीच मिळालं नाही. आपल्याकडे सगळ्यांना आठवणारं उदाहरण कोरस या युरोपातल्या पोलाद कंपनीचं. टाटा स्टीलने ऑक्टोबर २००६मध्ये कोरसच्या प्रत्येक शेअरला ४५५ पेन्स देऊ केले. ब्राझीलची सीएसएन स्पर्धेत उतरली, जानेवारी २००७च्या अखेरीस लिलाव झाला, आणि बोली ६०८ पेन्सवर टाटांच्या नावे थांबली. सीएसएनची शेवटची बोली ६०३ होती. दुसऱ्या दिवशी देशभर अभिमानाचं वातावरण होतं, पण टाटा स्टीलचा शेअर दहा टक्क्यांहून जास्त पडला. पुढच्या वर्षी जागतिक मंदी आली, युरोपातला पोलाद उद्योग वर्षानुवर्षं तोट्यात राहिला, आणि सप्टेंबर २०२४मध्ये या कंपनीच्या वेल्समधल्या पोर्ट टॅलबॉट कारखान्याची शेवटची झोतभट्टी बंद झाली. मंदी येणार हे २००७मध्ये कुणाला सांगता आलं नसतं, हे मला मान्य आहे. पण चार महिन्यांत ४५५चे ६०८ झाले, ते कोरसच्या भट्ट्या तेवढ्या सुधारल्या म्हणून नव्हे. समोर दुसरा बोली लावत होता. आपल्या बाजार समितीत सौद्याला उभं राहिलेल्या कुणालाही ही ओढ ओळखू येईल.

म्हणजे दोन्हीकडे माणसं आहेत आणि दोन्हीकडे चुका आहेत. तरीही सामना बरोबरीचा नाही, आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचं ते हेच. जयंत काळे, ओमेश किणी आणि हार्ली रायन यांनी २००३मध्ये ताब्याच्या व्यवहारांतल्या वित्तीय सल्लागारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घेणाऱ्याचा सल्लागार समोरच्या सल्लागारापेक्षा जितका नामांकित, तितका एकूण लाभातला मोठा वाटा घेणाऱ्याकडे जातो, आणि नुकसानीच्या व्यवहारातून वेळीच माघार घेण्याची शक्यताही वाढते, असं त्यांना आढळलं. सल्ला उपयोगी पडतो आणि तो विकत मिळतो. मोठ्याने चूक केली तर ती निस्तरायला बँकर असतात, वकील असतात, पुढचं वर्ष असतं. शंभर शेअरवाल्याकडे टपालाने आलेलं ऑफरचं जाडजूड पुस्तक असतं आणि निर्णयाला कामाचे दहा दिवस असतात.

हा असमतोल कायद्याने हळूहळू ओळखला. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या समितीनंतर १९९७मध्ये सेबीने ताब्याचे नियम नव्याने केले. उंबरठा ठरला, किमान २० टक्क्यांची ऑफर सक्तीची झाली. पण त्यात एक भोक राहिलं. जुन्या मालकाने 'मी आता या धंद्यात स्पर्धा करणार नाही' असं लिहून दिलं की त्याला त्या वचनापोटी ऑफर किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत वेगळी रक्कम देता येत असे, आणि ती इतर भागधारकांच्या भावात धरली जात नसे. म्हणजे दोन भाव पुन्हा होतेच, फक्त दुसऱ्याला वेगळं नाव दिलेलं होतं. सी. अच्युतन यांच्या समितीने २०१०मध्ये हे बंद करा म्हणून सांगितलं. शिवाय ऑफर उरलेल्या सगळ्या शेअरांसाठी असावी, अशीही शिफारस केली. २०११च्या नियमांनी पहिली सूचना स्वीकारली, दुसरी अर्धीच घेतली. आज उंबरठा २५ टक्क्यांचा आहे आणि ऑफर किमान २६ टक्क्यांची. शंभर टक्क्यांची शिफारस मान्य व्हायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे. ऑफर अर्धवट असली की सगळ्यांनी शेअर दिले तर प्रत्येकाचे थोडेच घेतले जातात, आणि उरलेल्या शेअरांसह माणूस ज्या मालकाला नको म्हणत होता त्याच्याच कंपनीत राहतो.

यावर पहिला आक्षेप अर्थशास्त्राचाच आहे आणि तो हलका नाही. सॅनफर्ड ग्रॉसमन आणि ऑलिव्हर हार्ट यांनी १९८०मध्ये दाखवलं की छोटे भागधारक फार बळकट झाले तर चांगले ताबेही अडतात. नवा मालक कंपनी सुधारणार हे दिसत असेल तर प्रत्येक छोटा भागधारक म्हणेल, बाकीचे विकू देत, मी थांबतो, सुधारणेचा पूर्ण लाभ घेतो. सगळेच थांबले तर ताबा होतच नाही आणि सुस्त मालक गादीवर कायम राहतो. त्यात सगळ्यांना समान भाव द्यायची सक्ती केली तर घेणाऱ्याचा खर्च आणखी वाढतो. भारतात प्रवर्तक घराण्यांची पकड आधीच घट्ट. त्यांना हटवणं महाग करून आपण त्यांचंच राज्य पक्कं करतो, असा हा आक्षेप आहे. मी तो अर्धा मान्य करतो. काही सौदे होणार नाहीत हे खरं. पण न होणारे सौदे कोणते, हे पाहायला हवं. समान भाव द्यावा लागला म्हणून जो सौदा परवडेनासा होतो, त्यातला फायदा बहुतांशी छोट्यांना कमी देण्यातूनच येणार होता. खरी सुधारणा करणाऱ्याला समान भाव परवडतो. मार्च २०१९मध्ये खुद्द लार्सन अँड टुब्रोने माइंडट्री या बेंगळुरूच्या कंपनीचा २० टक्क्यांहून जास्त हिस्सा ९८० रुपयांनी घेतला, संस्थापकांचा कडवा विरोध असूनही त्याच ९८० रुपयांची खुली ऑफर सगळ्यांपुढे ठेवली, आणि त्याच उन्हाळ्यात साठ टक्के हिस्सा मिळवला. नियमाने ताबा अडला नाही. सतरा-अठरा वर्षांपूर्वी आपल्याच भागधारकांना न मिळालेला भाव या वेळी समोरच्या कंपनीच्या भागधारकांना मिळाला.

दुसरा आक्षेप अधिक लोकप्रिय आहे. नियम कशाला, लोकांना शिकवा; जागरूक गुंतवणूकदार हेच खरं संरक्षण. एनडीटीव्हीच्या ताब्याची गोष्ट इथे तपासण्यासारखी आहे. नोव्हेंबर-डिसेंबर २०२२मध्ये अदाणी समूहाची २९४ रुपयांची खुली ऑफर चालू होती. त्या दिवसांत बाजारात तोच शेअर त्याहून बऱ्याच चढ्या भावाने विकला जात होता. कुणालाही मोबाइलवर दिसेल असा भाव सोडून २९४ला शेअर देण्याचं काहीही कारण नव्हतं. तरी ५३ लाखांहून जास्त शेअर ऑफरमध्ये आले. देणारे निरक्षर नव्हते. बहुतेक शेअर कंपन्यांच्या आणि संस्थांच्या खात्यांतून आले होते. साक्षरता होती, माहिती होती, तरी चूक झाली. त्यानंतर जे घडलं ते जास्त महत्त्वाचं आहे. डिसेंबरअखेर अदाणी समूहाने संस्थापकांचा मोठा हिस्सा ३४२ रुपये ६५ पैशांनी घेतला. ऑफर संपल्यानंतर सव्वीस आठवड्यांच्या आत घेणाऱ्याने जास्त भाव दिला तर ऑफरमध्ये शेअर दिलेल्या सगळ्यांना फरक द्यावा, अशी तरतूद २०११च्या नियमांत आहे. त्या भागधारकांना प्रत्येक शेअरमागे ४८ रुपये ६५ पैसे जादा देण्यात आले. त्यासाठी कुणाला अर्ज करावा लागला नाही की कोर्टात जावं लागलं नाही. शिकवण्याला माझा विरोध नाही. शिकवणं हेच माझंही काम. पण माणूस शिकूनही चुकणार हे गृहीत धरून केलेला नियम, तो शिकेल या आशेवर केलेल्या नियमापेक्षा जास्त माणुसकीचा असतो.

जिथे हे दार नाही तिथे काय होतं, ते पाहायला लांब जावं लागत नाही. २००६ आणि २००७ या दोन वर्षांत मराठी मध्यमवर्गाच्या दोन बँका गेल्या. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न १९३६ची, सांगली बँक १९१६ची. दोन्हींचे शेअर पश्चिम महाराष्ट्रातल्या घरोघरी होते. नफ्यासाठी कमी, आपली बँक म्हणून जास्त. सांगली बँकेचं आयसीआयसीआय बँकेत विलीनीकरण भागधारकांच्या मंजुरीने झालं. सांगलीच्या ९२५ शेअरांमागे आयसीआयसीआयचे १०० ठरले. बँकिंग नियमन कायद्याच्या ४४अ कलमाखाली तिथे दोनतृतीयांश मत लागतं, आणि विरोध नोंदवणाऱ्याला रिझर्व्ह बँक ठरवेल ते मोल घेऊन बाहेर पडता येतं. युनायटेड वेस्टर्नवर मात्र सप्टेंबर २००६मध्ये स्थगिती आली आणि महिन्याभरात, ३ ऑक्टोबरला, ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. शेअरमागे २८ रुपये मिळाले. हे विलीनीकरण त्याच कायद्याच्या ४५व्या कलमाखालचं होतं, आणि तिथे भागधारकाला मत नसतं. मसुद्यावर सूचना पाठवता येते, इतकंच. ठेवीदारांसाठी ही घाई आवश्यक होती, यात मला शंका नाही. बँक कोसळताना सभा भरवत बसता येत नाही. पण याच कलमाखाली २०२०मध्ये चेन्नईच्या लक्ष्मी विलास बँकेचं भांडवल पूर्ण शून्य करण्यात आलं, हे लक्षात घेतलं की कळतं: घाईच्या वेळी छोट्या मालकाचं मोल काय धरायचं, याचा कोणताही ठरलेला हिशेब आपल्याकडे नाही. साताऱ्यात २८, चेन्नईत शून्य.

आता ज्यांच्यासाठी मी हा सगळा पुरावा गोळा केला, त्यांच्याकडे येतो. मराठवाड्यातल्या सर्वसाधारण माणसाची मालकी शेअर बाजारात नाही. ती सहकारी साखर कारखान्याच्या भागात आहे, सूतगिरणीत आहे, पतसंस्थेत आहे. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी कारखाना उभा केला तेव्हापासून भाग घेणं म्हणजे गावच्या कामात आपली वीट लावणं, असं मानलं गेलं. त्या कारखान्यांपैकी अनेक कर्जात बुडाले आणि बँकांनी लिलावात काढले. कोरेगाव तालुक्यातला जरंडेश्वर कारखाना २०१०मध्ये ६५ कोटी ७५ लाखांना विकला गेला. त्या विक्रीविषयी पुढे सक्तवसुली संचालनालयाने कारवाई केली, २०२१मध्ये मालमत्तेवर टाच आली. त्यातलं खरं-खोटं ठरवणं न्यायालयाचं काम आहे, माझं नाही. मला दिसते ती रचना. सहकार कायद्याच्या १७व्या कलमात संस्थेचं विलीनीकरण किंवा मालमत्तेचं हस्तांतरण करायचं तर सभासदांचं दोनतृतीयांश मत लागतं, आणि ज्याला पटत नाही त्याला भाग काढून बाहेर पडण्याची मुभा असते. म्हणजे दार आहे. पण २००२च्या कर्जवसुली कायद्याखाली, ज्याला आपण सरफेसी म्हणतो, बँक तारण मालमत्ता थेट विकते. मूल्यांकन होतं, राखीव किंमत ठरते, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात येते, नोटीस कर्जदाराला जाते. कर्जदार म्हणजे संस्था, आणि संस्था म्हणजे त्या वेळचं संचालक मंडळ किंवा प्रशासक. ज्याच्या भागावर सगळं उभं राहिलं तो सभासद ही बातमी पारावर ऐकतो.

इथे सहकारातले जाणते लोक म्हणतील, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करता. सहकारी संस्थेचा भाग म्हणजे शेअर नव्हे. त्याला बाजारभाव नसतो, एका सभासदाला एकच मत असतं, भाग परत करताना दर्शनी किंमतच मिळते, आणि कर्ज भागल्याशिवाय मालकाला काही मिळू नये हा जगभरचा नियम आहे. यातला प्रत्येक शब्द खरा आहे. घेणेकरी आधी, मालक नंतर, हा क्रम उलटा करा असं मी म्हणत नाही. पण कारखान्याची जमीन, पाण्याचा परवाना, गाळपाचा परवाना, आसपासच्या शेतकऱ्यांची तिथे ऊस घालण्याची सवय, हे सगळं मिळून जे मोल होतं त्यातलं कर्ज वजा जाता उरलेलं सभासदाचं असतं, मग भाग बाजारात विकला जावो किंवा न जावो. राखीव किंमत कमी ठरली तर बुडतं ते हेच उरलेलं, कारण बँकेला आपल्या येण्यापुरतीच काळजी. लार्सनच्या सुट्या शेअरवाल्याला निदान कुठला भाव आपल्याला मिळाला नाही ते कळलं होतं. सभासदाला दुसरा भाव असतो हेच कळत नाही. शिवाय मन्मथस्वामींच्या ज्या परंपरेच्या अंगणात आपण बसलो आहोत, तिच्यात श्रमाला कायक म्हणतात, श्रमातून आलेलं वाटून घेण्याला दासोह म्हणतात. ताब्यात श्रमाचा हा वाटाही जाऊ शकतो: आंद्रेई श्लायफर आणि लॉरेन्स समर्स यांनी १९८८मध्ये मांडलं की ताब्यातून दिसणारा फायदा कधी कधी नव्याने निर्माण झालेला नसतोच, तो कामगारांना दिलेला शब्द मोडून काढलेला असतो. कारखाना विकला जातो तेव्हा थकलेला पगार आणि उसाचं थकलेलं बिल यांचं काय होतं, हे या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

पतसंस्थांचीही तीच गत. २०२३पासून बीडमधल्या मल्टिस्टेट पतसंस्थांच्या दारांत अडकलेल्या ठेवी मागणाऱ्यांच्या रांगा लागल्या, तेव्हाही प्रश्न ठेवीदारांनाच विचारला गेला: एवढ्या व्याजाच्या मोहात पडलातच का? शेजाऱ्याला दोन वर्षं वेळेवर व्याज मिळालेलं पाहून ठेव ठेवणं हा मोह नाही. जवळ असलेल्या एकमेव पुराव्यावर निर्णय घेणं आहे. ठेवीदाराला संस्थेची कर्जं कुणाला दिली आहेत ते पाहता येत नव्हतं. ते पाहणं ज्यांचं काम होतं ते दूर दिल्लीला, केंद्रीय निबंधकाच्या कार्यालयात. दोष ओढवून घेण्याची आपल्या लोकांना सवय आहे, आणि ती सवय नियम करणाऱ्यांच्या फार सोयीची आहे.

मी दोन साध्या तरतुदी सुचवतो, दोन्ही शेअर बाजारात तपासून झालेल्या. सहकारी संस्थेची मालमत्ता लिलावात काढण्यापूर्वी मूल्यांकनाचा अहवाल आणि राखीव किंमत सभासदांच्या सभेत मराठीत वाचली जावी आणि हरकतींसाठी ठरावीक मुदत असावी. आणि घेणाऱ्याने ती मालमत्ता पुढच्या काही वर्षांत जास्त किमतीला विकली, किंवा जमिनीचा तुकडा पाडून विकला, तर फरकाचा ठरावीक हिस्सा भागांच्या प्रमाणात जुन्या सभासदांकडे यावा. हा सव्वीस आठवड्यांचाच नियम आहे, फक्त कारखान्याच्या वयाला शोभेल इतका लांबवलेला. यावर बोली लावणारे म्हणतील की असं जोखड असेल तर आम्ही कमी बोलू. ज्याला गाळप करायचं आहे, त्याच्यावर हे जोखड कधी पडणारच नाही, कारण तो विकणार नाही. कमी बोलेल तो ज्याने जमीन पाहून बोली लावली आहे, आणि त्याची बोली कमी झाली तर राखीव किमतीच्या वर उरलेल्यांत ऊस पाहणारा पुढे येईल. सभासदांची यादी प्रत्येक कारखान्याच्या कार्यालयात असते; दरवर्षी वार्षिक सभेच्या नोटिसा त्याच यादीवरून काढल्या जातात. फरकाचे पैसे पाठवायलाही तीच यादी पुरेल.